बीटल कॅब्रिओलेट घ्यायची की कार्मान गिया? टप उघडणाऱ्या दोन जुन्या जर्मन गाड्या

ऑफिसातला एक मित्र, मूळचा नाशिकचा, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान, गेले दोन महिने एकच विचारतोय, दादा, रिस्टोअर केलेली फोक्सवॅगनची बीटल कॅब्रिओलेट (म्हणजे उघड्या टपाची बीटल) घेऊ की उघड्या टपाची कार्मान गिया? दोन्ही बघून आलाय, दोन्ही १९६९ च्या आसपासच्या, दोन्हींचा पेंट आरशासारखा. मी इथे जर्मनीत ब्राउनश्वाइगजवळ राहतो, सहा वर्षं झाली १५०० इंजिनची बीटल कॅब्रिओलेट सांभाळतोय, आणि समोर राहणाऱ्या रिटायर्ड काकांकडे गिया आहे, तिच्याखाली त्यांच्यासोबत माझे बरेच शनिवार गेलेत. फोनवर तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहितो, अजून कोणी याच विचारात असेल तर त्यालाही कामाला येईल.

तर बाबा, सगळ्यात आधी इंजिनचा विषय डोक्यातून काढून टाक. दोन्ही गाड्यांत मागे बसवलेलं तेच चार सिलिंडरचं एअर-कूल्ड इंजिन आहे, तू बघितलेल्या वर्षांत १५०० सीसी आणि ४४ हॉर्सपॉवर, गियाची चासी (खालचा सांगाडा) सुद्धा बीटलचीच, फक्त थोडी रुंद केलेली. रेडिएटर नाही, ऑइल फक्त अडीच लिटर, त्याला कागदी फिल्टर नाही, एक जाळी असते ती काढून धुवायची, आणि टॅपेट इंजिन थंड असताना सेट करायचे, हे सगळं तू स्वतः शिकशील. पार्ट आजही सहज मिळतात. विकणारा "इंजिन नवीन केलंय" म्हणून पैसे वाढवत असेल तर भुलू नकोस, इंजिन हा या गाड्यांचा स्वस्तातला भाग आहे. महाग आहे तो पत्रा आणि महाग आहे तो टप, आणि खरा फरक तिथेच आहे.

आणि पत्र्याचं बोलायचं तर फोक्सवॅगनच्या आधी कार्मानचं नाव घ्यावं लागतं, कारण या दोन्ही गाड्यांच्या बॉड्या वुल्फ्सबर्गला फोक्सवॅगनच्या कारखान्यात नाही, ओस्नाब्रुक शहरात कार्मानच्या कारखान्यात बनल्या. विल्हेल्म कार्मान यांनी १९०१ मध्ये तिथला बग्ग्या बनवणारा एक जुना धंदा विकत घेतला आणि लगेच मोटारींच्या बॉड्या बनवायला लागले. युद्धानंतर फोक्सवॅगनने त्यांना चार सीटच्या उघड्या बीटलचं काम दिलं, १९४९ पासून ती बनायला लागली आणि १० जानेवारी १९८० ला शेवटची बाहेर पडली, एकूण ३,३१,८४७. साधी बंद बीटल जर्मनीत १९७८ च्या जानेवारीतच थांबली होती, म्हणजे उघडी बीटल तिच्याही पुढे दोन वर्षं चालली!

गियाची गोष्ट वेगळी. चासी जर्मन, रूप इटालियन. धाकट्या विल्हेल्म कार्मानना बीटलच्या चासीवर एक देखणी स्पोर्टी गाडी हवी होती, त्यांनी तुरिनच्या गिया कंपनीच्या लुइजी सेग्रेंकडे शब्द टाकला, १९५३ मध्ये नमुना तयार झाला, फोक्सवॅगनचे प्रमुख हाइनरिश नॉर्डहॉफ यांना तो आवडला आणि १९५५ मध्ये कूपे, म्हणजे बंद टपाची गिया, बाजारात आली. उघड्या टपाची १९५७ मध्ये. १९७४ पर्यंत उघड्या गिया बनल्या ८० हजारांच्या वर, म्हणजे बीटल कॅब्रिओलेटच्या एक चतुर्थांश. किंमत जास्त असते त्याचं एक कारण हे.

वारसा म्हणून फक्त गोड गोड सांगायचं नसेल तर हेही सांगायला हवं. बीटल ही मुळात नाझी राजवटीची योजना, १९३८ मध्ये वुल्फ्सबर्गच्या कारखान्याची पायाभरणी झाली, तीन लाखांहून जास्त लोकांनी आठवड्याला पाच मार्कांचे स्टॅम्प चिकटवून गाडीसाठी पैसे साठवले आणि एकालाही त्या योजनेतून गाडी मिळाली नाही. युद्धात त्याच कारखान्यात सक्तीने आणलेल्या हजारो माणसांना राबवलं. १९४५ नंतर ब्रिटिश सैन्यातले मेजर इव्हान हर्स्ट यांनी कारखाना पुन्हा चालू केला म्हणून बीटल जगली. गाडीवर प्रेम करताना हे माहीत असलेलं बरं, लोक विचारतात, आणि विचारायलाच हवं.

आता पत्रा. बीटलचे चारही मडगार्ड बोल्टने बसवलेले आहेत. ठोकर लागली, गंजला, तर दहा-बारा बोल्ट काढ आणि दुसरा लाव. (मी माझा पुढचा डावा असाच एका दुपारी बदलला.) गियाला असं काही नाहीच. नाकापासून दारापर्यंत एकही फट दिसत नाही ना, ती मुळात कित्येक तुकडे वेल्ड करून, सांध्यांवर कथील-शिशाचा थर देऊन, तो हाताने कानशीने घासून एकजीव केलेली बॉडी आहे. काकांनी मागच्या हिवाळ्यात नाकावरचा जुना पेंट काढला तेव्हा हेडलाइटच्या वर करड्या धातूचा हातभर पट्टा उघडा पडला, त्यावर कानशीच्या बारीक तिरक्या रेघा होत्या, सगळ्या एकाच बाजूला झुकलेल्या. पन्नासच्या वर वर्षांपूर्वी ओस्नाब्रुकमधल्या कोणा कारागिराचा हात होता तो. आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललोच नाही, काकांनी नुसता त्यावरून अंगठा फिरवला.

पण याचाच दुसरा अर्थ असा की गियाचं नाक एकदा चेपलं की तिथे हातकाम येणारा डेंटरच लागतो, तो तासावर पैसे घेतो आणि तास खूप लागतात. म्हणून बऱ्याच रिस्टोअर केलेल्या गियांच्या नाकात पुट्टी भरलेली असते. एक छोटा मॅग्नेट मऊ फडक्यात गुंडाळून घेऊन जा आणि हेडलाइटभोवती, पुढच्या दोन जाळ्यांच्या आजूबाजूला हळूच फिरव. शिशाच्या थरावरही तो ढिला पडतो, त्यामुळे लगेच आरोप करू नकोस, पण मोठ्या भागावर अजिबात धरत नसेल तर रिस्टोरेशनचे फोटो माग. फोटो नाहीत म्हणाला तर निघ तिथून.

दोन्ही गाड्यांना एकच मोठा आजार, तो म्हणजे खालून गंज. टप कापल्यामुळे गेलेली मजबुती कार्मानने खाली जास्तीचा पत्रा घालून भरून काढली, आणि त्यातच हीटरची गरम हवा जायच्या पोकळ्या आहेत, ओल साठते आणि आतून खात जाते. वरचा पेंट कितीही चकचकीत असो, यातलं काहीही त्याच्यावरून कळत नाही. दार उघडं ठेव, बंद कर, फट बघ, मग मालकाला विचारून गाडी जॅकवर घे आणि दार पुन्हा लावून बघ. फट बदलली किंवा दार घासायला लागलं तर खालची ताकद गेलेली आहे. बीटलमध्ये मागच्या सीटखाली बॅटरी असते, ती सीट उचलून खालचा पत्रा बोटाने दाबून बघायला विसरू नकोस.

टपाबाबत मला बीटलच आवडते. वर कापड, मध्ये जाड भरण, आत अस्तर, मागे खरी काच, त्यामुळे बंद केली की आत एकदम घरात बसल्यासारखं वाटतं, पाऊस लागला तरी बोलता येतं. उघडल्यावर मात्र तो सगळा टप मागे गादीच्या वळकटीसारखा बसतो आणि आरशात वळकटीच दिसते, पार्किंगला सवय लागायला महिना जातो. गियाचा टप खाली बसतो, मागून गाडीची रेषा मोडत नाही, पण जुन्या मॉडेलांत मागची खिडकी प्लास्टिकची, काळानुसार पिवळी पडते. दोन्हींचा टप नवीन करायचा तर तो काम जाणणाऱ्याकडेच दे, कापडाच्या पैशांपेक्षा ताण बरोबर बसवायच्या हातांचे पैसे जास्त असतात.

राहिलं बसणं. गियाची मागची सीट म्हणजे जॅकेट आणि डब्याची पिशवी ठेवायची जागा. तुला दोन मुलं आहेत रे! बीटलमध्ये चौघं बसतात, माझी मुलगी मागे बसून पूर्ण हार्त्झचा डोंगर फिरून आली आणि येताना त्या वळकटीला टेकून झोपली. वेगाचं म्हणशील तर बीटल कागदावर ताशी १२५ किलोमीटरपर्यंत जाते, गिया बुटकी आणि निमुळती म्हणून त्याच इंजिनवर थोडी जास्त, पण टप उघडून ८० वर जे सुख आहे ते १२० वर नाही, तिथे फरक पडत नाही.

कागदपत्रं दोन्हींची सारखीच. तीस वर्षांवरची आणि मूळ रूपात जपलेली गाडी असेल तर इथे जर्मनीत जुन्या गाड्यांची 'एच' नंबर प्लेट मिळते, वर्षाला १९१.७३ युरो एकच टॅक्स, शहरांतल्या पर्यावरण झोनमध्येही जाता येतं. भारतात राहणारे वाचत असतील तर तिकडे २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' सिरीजचा नंबर मिळतो, नोंदणी २०,००० रुपये, मात्र रोजच्या वापराला ती काढता येत नाही.

माझं मत सरळ आहे. घरच्यांना घेऊन फिरायचं, स्वतःच्या हाताने थोडंफार काम करायचं आणि दर ओरखड्याला छातीत धस्स व्हायला नको असेल तर बीटल. गिया घ्यायची तर ती नुसती बघत बसावीशी वाटते म्हणून घे, ते कारण पुरेसं आहे, पण मग गाडीच्या किमतीइतकाच विचार डेंटरचा कर, आधी तो शोध आणि मग गाडी. तू बघितलेल्या दोनपैकी बीटलच्या मालकाकडे वेल्डिंगचे फोटो आहेत आणि गियावाल्याने "पाठवतो" म्हणून तीन आठवडे पाठवले नाहीत, माझ्या हिशोबात इथेच ती गिया बाद झाली. बीटलवाल्याला आज फोन कर, शनिवारी गाडी जॅकवर घेतली तर चालेल का ते आधीच विचार. मॅग्नेट आणि टॉर्च मी आणतो, तू जुने कपडे घालून ये.