‘इंडियन वेडिंग पॅकेज’: न्यू जर्सीतील एका मराठी-अमेरिकन लग्नाचा जमाखर्च

गेल्या ऑक्टोबरात आमच्या मुलीचे लग्न मध्य न्यू जर्सीतील एका हॉटेलात झाले. मुलगी एडिसनमध्ये वाढलेली, तर जावई ओहायोतील डेटनजवळच्या एका लहान गावचा, दर रविवारी मेथडिस्ट चर्चमध्ये जाणाऱ्या घरातला. पाहुणे १८० होते आणि त्यांतले निम्म्याला थोडे कमी त्यांच्याकडचे. हॉल, सजावट, जेवण, डीजे आणि या सगळ्यांवर देखरेख करणाऱ्या प्लॅनर बाई असे सारे आम्ही एकाच कंपनीच्या ‘इंडियन-अमेरिकन फ्यूजन’ पॅकेजमध्ये घेतले होते. कंपनीचे नाव मुद्दामच देत नाही. नंतर चार घरी चौकशी केली, तेव्हा ज्या उणिवा आम्हाला जाणवल्या त्याच इतरांनाही इतर कंपन्यांकडून अनुभवाला आल्याचे कळले, आणि एकट्या कंपनीला वेठीला धरण्यात अर्थ वाटला नाही.

माझे मत आधीच सांगून टाकते. या पॅकेजमधील अमेरिका अस्सल होती. त्यातला भारत मात्र कुठल्याच एका गावचा नव्हता. मराठी लग्न हवे असेल तर ते घरूनच न्यावे लागते.

पहिल्याच भेटीत प्लॅनर बाईंनी एक छापील तक्ता पुढे ठेवला. बारात घोड्यावरून की गाडीतून, जयमाला किती वाजता, फेरे चार की सात, सिंदूर कोण आणणार, जूते लपवण्याच्या खेळाला किती मिनिटे द्यायची आणि विदाईच्या वेळी फोटोग्राफर कुठे उभा राहणार, असे सगळे रकाने त्यात होते. अंतरपाटाला रकाना नव्हता. मंगलाष्टकांना नव्हता, सीमांतपूजनाला नव्हता आणि कानपिळीला तर असण्याची शक्यताच नव्हती. बाई कामाला चोख, हे मान्य केले पाहिजे. मी सांगत गेले तसे त्या लिहून घेत गेल्या. अंतरपाटापुढे त्यांनी ‘पडदा’ असे लिहिले आणि तो कशावर टांगायचा असे विचारले. दोन मामा हातात धरतात असे मी सांगितले, तेव्हा त्यांनी ‘स्वयंसेवक – २’ अशी नोंद केली. मला हसू आले. पण लग्नाच्या दिवशी सकाळी मांडवात पाहते तो काय, सजावटवाल्यांनी दोन स्टीलचे खांब, आडवा दांडा आणि त्यावर चुणीदार सॅटिनचा, खिडकीला शोभावा असा गुलाबी पडदा उभा करून ठेवला होता. तो बाजूला सारून माझ्या भावांनी माझ्या आईने पाठवलेला, कुंकवाचे स्वस्तिक काढलेला पांढरा पंचा धरला.

मराठी माणूस या राज्यात काही काल-परवा आलेला नाही. १८८३ साली आनंदीबाई जोशी बोटीने अमेरिकेत आल्या, त्या याच न्यू जर्सीतील रोझेल गावी कार्पेंटर बाईंच्या घरी उतरल्या होत्या. आमच्या हॉटेलपासून ते गाव गाडीने अर्ध्या तासाच्या आत आहे. तरीही येथील लग्नाच्या बाजारात ‘भारतीय’ म्हणजे पंजाबी आणि गुजराती प्रथांची एक ठरावीक मिसळ, असे समीकरण पक्के बसलेले आहे. यात प्रथांचा दोष नाही. गिऱ्हाइके त्यांची जास्त, म्हणून छापील तक्ता त्यांचा. आमच्याकडे वरात निघते ती लग्न लागल्यावर, नवरीला घेऊन, हे मी तीनदा सांगितले, आणि तिन्ही वेळा घोड्याचा दर पुन्हा माझ्यापुढे आला.

ज्या बाबतीत कंपनीचे खरोखर कौतुक करावे, ती म्हणजे कागदपत्रे. न्यू जर्सीत विवाहाच्या परवान्यासाठी वधू किंवा वर जेथे राहतात तेथील नगरपालिकेत २८ डॉलर भरून अर्ज करावा लागतो, अर्जानंतर ७२ तास थांबावे लागते, आणि विधीच्या वेळी दोन साक्षीदार लागतात. हे सारे वेळापत्रक बाईंनी सहा महिने आधी लिहून दिले होते. कोणत्याही धर्माच्या पुरोहिताला येथे कायदेशीर लग्न लावता येते, त्यामुळे परवान्यावर सही आमच्या गुरुजींनीच केली. वेगळ्या न्यायाधीशाची गरज पडली नाही. पुष्कळ लोकांना हे माहीत नसते, आणि ते आधी कोर्टात जाऊन एकदा आणि मांडवात दुसऱ्यांदा असे लग्न करतात.

होमाच्या बाबतीत मात्र याच बाई गाफील राहिल्या. बंद हॉलमध्ये अग्नी पेटवायचा तर स्थानिक अग्निशमन अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि हॉटेलला तेवढ्या वेळापुरता धुराचा अलार्म त्या भागात बंद ठेवावा लागतो. अर्ज गेला तो लग्नाच्या आठ दिवस आधी. परवानगी आली ती लग्नाच्याच सकाळी, अधिकारी स्वतः येऊन कुंडाचा आकार पाहून गेल्यावर, आणि तोवर माझ्या यजमानांचा रक्तदाब मी दोनदा मोजला होता. अखेर तांब्याच्या वीतभर कुंडात, थोड्या समिधा आणि तूप घालून, बाजूला अग्निशामक नळकांडे घेतलेला हॉटेलचा माणूस उभा करून लाजाहोम झाला. लाह्या म्हणजे काय हे ओहायोच्या मंडळींना सांगावे लागले नाही. मक्याचा प्रदेश त्यांचा, लाही फुटते म्हणजे काय हे त्यांना आमच्याहून चांगले ठाऊक.

अक्षतांचा प्रसंग मुद्दाम सविस्तर सांगते. करारातील एका बारीक अक्षरांतल्या कलमात गालिच्यावर तांदूळ टाकण्यास मनाई होती आणि टाकल्यास साफसफाईचा दंड होता. पर्याय म्हणून गुलाबाच्या पाकळ्या सुचवण्यात आल्या. मुलीला त्याही चालल्या असत्या, परंतु माझ्या सासूबाई, वय ८४, एवढेच म्हणाल्या, “पाकळ्या सत्काराला टाकतात.” ही बोलणी फोनवर चालू असताना जावयाची आजी शेजारीच बसलेली होती. काय चालले आहे ते नातवाने तिला सांगितल्यावर ती म्हणाली की, तिच्या लग्नात चर्चच्या पायऱ्यांवर दोघांच्या अंगावर तांदूळच उधळले होते आणि केसांतून ते दोन दिवस निघत होते. मग दोन्ही आज्या एका बाजूला आणि हॉटेल दुसऱ्या बाजूला असा सामना झाला. तोडगा असा निघाला की मांडवापुढे दोन मोठ्या चादरी अंथरायच्या, अक्षता माणशी चमचाभर कागदी पुडीत द्यायच्या आणि ओहायोची मंडळी चादरीच्या जवळच्या रांगांत बसवायची, म्हणजे नेम चुकणार नाही. दंड पडला नाही.

गुरुजी पॅकेजमधले नव्हते. पॅकेजमधले पुरोहित विधी उत्तरेकडच्या पद्धतीने करणारे होते, म्हणून महाराष्ट्र मंडळातील ओळखीतून आम्ही दुसरे शोधले. आठवड्याचे पाच दिवस संगणकाची नोकरी आणि शनिवार-रविवारी पौरोहित्य, असा त्यांचा दिनक्रम आहे. त्यांनी विधी सव्वा तासात बसवला आणि तो बसवताना काय गाळले हे आम्हाला कागदावर लिहून दिले. एवढा प्रामाणिकपणा मी पुण्यातही क्वचितच पाहिला आहे. ‘इष एकपदी भव’ पासून सातही पावलांचा अर्थ त्यांनी एकेका इंग्रजी वाक्यात सांगितला. विनोद करून मंत्रांवर लोकांना हसवण्याचा जो प्रकार हल्ली येथे बोकाळला आहे, त्याच्या वाटेला ते गेले नाहीत.

कन्यादान मुलीने आधीच नाकारले होते. त्यावर तिच्या बापाला थोडे लागले, पण संध्याकाळच्या ख्रिस्ती विधीतही तिने ‘या मुलीला कोण देत आहे’ हा प्रश्न काढून टाकायला लावला, तेव्हा तिचा आक्षेप आमच्यावर नसून देण्या-घेण्यावर आहे हे त्याला पटले. गुरुजींनी पाणिग्रहणावर भर दिला. संध्याकाळी हिरवळीवर तिला दोन्ही बाजूंनी आम्ही दोघे घेऊन चाललो. जावयाची आत्या पाद्री आहे. तिने वीस मिनिटांत प्रार्थना, वचने आणि अंगठ्या असे सगळे आटोपले. पॅकेजमध्ये दोन्ही विधींचा पाऊण तासाचा एकच ‘फ्यूजन’ कार्यक्रम होता, तो आम्ही घेतला नाही, आणि माझ्या मते कोणीच घेऊ नये. त्यात अंगठी आणि मंगळसूत्र एका दमात होते आणि प्रत्येक बाजूच्या पाहुण्यांना दुसऱ्या बाजूची निम्मी गोष्ट तेवढी कळते.

शुक्रवारची संध्याकाळ मात्र आपोआप जुळून आली. त्यांच्याकडे लग्नाच्या आदल्या रात्री तालमीनंतरचे जेवण वरपक्षाने द्यायचे असते, आणि आपल्याकडे आदल्या दिवशीचे सीमांतपूजन वधूपक्षाने करायचे. एकाच खोलीत आधी पूजन आणि मग त्यांचे जेवण असे झाले. विहीणबाईंना कोणी आपले पाय धुवावेत ही कल्पना सहन होईना; त्यांनी पाय मागे घेतले आणि माझे हात धरले. तो भाग सोडून ओटी, अत्तर आणि गुलाबपाणी यांवर निभावले.

खर्चाविषयी. दर माणशी १४० डॉलर सांगितला होता, परंतु या धंद्यात आकड्यापुढे ‘प्लस प्लस’ लिहिलेले असते, तिकडे लक्ष द्यावे. त्यातला एक प्लस सेवाशुल्काचा, आम्हाला लागलेला २२ टक्के. दुसरा राज्याच्या विक्रीकराचा, ६.६२५ टक्के, आणि आमच्या बिलात तो सेवाशुल्कावरही आकारला होता. म्हणजे १४० चे १८२ झाले. हे आधी विचारले असते तर पाहुण्यांची यादी आम्ही वेगळ्या मनःस्थितीत केली असती.

जेवण संमिश्र. संध्याकाळचे उत्तम होते आणि केक तर फारच चांगला. दुपारच्या मराठी जेवणासाठी आम्ही मसालेभात, अळूची भाजी, बटाट्याची सुकी भाजी, काकडीची कोशिंबीर, पुऱ्या, मठ्ठा आणि जिलबी असा साधा बेत दिला होता. चव पाहायला गेलो तेव्हा मसालेभात म्हणून जे पुढे आले, ती गरम मसाला घातलेली भाज्यांची बिर्याणी होती. मी घरचा गोडा मसाला अर्धा किलो दिला, ओल्या खोबऱ्याचे आणि तोंडल्यांचे सांगितले, आणि लग्नाच्या दिवशी भात ओळखीचा लागला. अळूची पाने त्यांनी ओक ट्री रोडवरून, म्हणजे येथील भारतीय दुकानांच्या रस्त्यावरून, आणली खरी, पण भाजीत आंबटपणा विसरले. चिंच नसलेले अळू म्हणजे काय होते ते ज्याचे त्याने समजावे. मठ्ठा ओहायोकडच्या मंडळींनी दोनदा मागून घेतला. विहिणीची पंगत बुफेत बसत नव्हती. शेवटी एका लांब टेबलावर गोठवलेली केळीची पाने सोडवून, पुसून मांडली आणि टेबलाच्या कडेने माझ्या जावांनी रांगोळी काढली. त्या टेबलाची मांडणी पॅकेजमधल्या साऱ्या सजावटीपेक्षा सुरेख होती, हे आमच्याच लोकांचे काम असूनही लिहिते.

तेथेच जावयाने नाव घेतले. ‘ओहायोच्या मक्याला पुरणाची जोड’ येथपर्यंत ठीक होते. पुढे मुलीचे नाव ‘घेते, तोंड करा गोड’ असे तो म्हणाला, कारण पाठ करून घेणारी मुलगीच होती आणि त्याने तिचे ऐकून जसेच्या तसे उचलले होते. हसण्याचा जो कल्लोळ झाला, त्याचे कारण त्याला संध्याकाळपर्यंत कळले नव्हते. कानपिळीच्या वेळी माझ्या मुलाने त्याचा कान धरला, तेव्हा त्याचा बेस्ट मॅन खुर्चीतून अर्धवट उठला होता. मी लिहिलेल्या माहितीपत्रकाचे तिसरे पान त्याने वाचले नव्हते हे उघड होते. ते पत्रकही मलाच लिहावे लागले, कारण कंपनीच्या साच्यात फेरे, सिंदूर आणि विदाई यांखेरीज काही नव्हते.

मंगळसूत्राच्या दोन वाट्यांपैकी सासरची वाटी विहीणबाईंनी त्यांच्या आजीच्या जुन्या बांगडीतून करून घेतली. ओक ट्री रोडवरचे सराफ म्हणाले की, हे सोने १४ कॅरटचे आहे आणि आपले २२, तेव्हा रंग जुळणार नाही. मुलामा द्यावा काय? मुलगी नको म्हणाली. एक वाटी पिवळीजर्द आणि दुसरी फिकट असे ते मंगळसूत्र आहे.

आता डीजे. सनई-चौघड्याचे ध्वनिमुद्रण मी त्याला पेनड्राइव्हमध्ये दिले होते, आणि ते नेमके कोणत्या शब्दानंतर लावायचे हे देवनागरीत आणि रोमन लिपीत लिहून दिले होते. मुहूर्त ११ वाजून ३८ मिनिटांचा. शेवटचे ‘सावधान’ झाले, मामांनी अंतरपाट खाली घेतला, अक्षता पडल्या, आणि हॉलभर ढोल-भांगडा दुमदुमला. ओहायोची मंडळी यालाच विधीचा भाग समजून उभी राहिली आणि नाचू लागली. त्यांना थांबवणे मला जमले नाही. सासूबाई तर टाळ्याच वाजवत होत्या. मंगलाष्टकांना लागलेल्या जास्तीच्या वेळामुळे पुढे हॉलची ‘फ्लिप’, म्हणजे मांडव काढून जेवणाची टेबले लावणे, पाऊण तास लांबली आणि पाहुणे लॉबीत ताटकळले. हा दोष निम्मा आमच्या आत्याबाईंचा, ज्यांनी शार्दूलविक्रीडितात रचलेली एक जादा मंगलाष्टका ऐन वेळी पर्समधून काढली.

अंतिम बिलात सॅटिनच्या पडद्याचे आणि दांड्याचे भाडे ७५ डॉलर लावले होते. ते प्लॅनर बाईंनी पहिल्याच ईमेलनंतर वजा केले. आम्ही न मागितलेल्या ढोलाचे ४५० डॉलर मात्र तिसऱ्या ईमेलनंतरही बिलात आहेत.