झेड-टेबल, कॅल्क्युलेटर की एक्सेल: नॉर्मल वक्राखालचं क्षेत्रफळ कशाने काढावं?

एकच प्रश्न घेऊ आणि सगळ्या साधनांना तोच विचारू. पाकिटं भरणारं एक यंत्र आहे. पाकिटावर ५०० ग्रॅम छापलंय. यंत्र सरासरी ५०३ ग्रॅम भरतं, प्रमाण विचलन (वजनं सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे होतात त्याचं माप) २.४ ग्रॅम आहे आणि वजनं नॉर्मल, म्हणजे प्रसामान्य वितरणात बसतात. ५०० ग्रॅमपेक्षा कमी भरलेलं पाकीट हाती लागण्याची संभाव्यता किती?

उत्तर ०.१०५६. शंभरातली दहा-अकरा पाकिटं कमी वजनाची. हे उत्तर छापील टेबल देतं, कॅल्क्युलेटर देतो, एक्सेल देतं, पायथनही देतं. चार दशांश स्थळांपर्यंत कोणातच फरक नाही. मग निवडायचं कशावरून? मी तरी चुकांवरून निवडतो. प्रत्येक साधनात घसरायची एक ठरलेली जागा असते. काहींत घसरलो तर लगेच कळतं, काहींत उत्तर छान दिसतं आणि आपण पुढे निघून जातो.

मुळात टेबलं लागली कशासाठी, ते दोन ओळींत सांगतो. नॉर्मल वितरणाच्या घंटेसारख्या वक्राखालचं क्षेत्रफळ म्हणजेच संभाव्यता. या वक्राचं सूत्र सुटसुटीत आहे, पण त्याचं संकलन (इंटिग्रल) नेहमीच्या फलनांत मांडता येत नाही. क्षेत्रफळाचं तयार सूत्रच नाही म्हटल्यावर कोणीतरी बसून आकडे काढून ठेवणं भाग होतं. असं पहिलं टेबल क्रिस्तियान क्रांप यांनी १७९९ मध्ये छापलं, तेही प्रकाशाच्या वक्रीभवनावरच्या ग्रंथात. आज संगणक आतल्या आत तेच काम करतो, फक्त आपल्याला दिसत नाही. गंमत म्हणून हाताने करून पाहायचं असेल तर ० ते १ मधलं क्षेत्रफळ सिम्पसनच्या नियमाने काढा. ०, ०.५ आणि १ या तीन ठिकाणची उंची अनुक्रमे ०.३९८९, ०.३५२१ आणि ०.२४२०. मधलीला चारने गुणा, तिन्हींची बेरीज करा, सहाने भागा: ०.३४१५. खरं उत्तर ०.३४१३. तीन आकड्यांत एवढं जवळ जाता येतं हे पाहिल्यावर टेबलाची भीती बरीच कमी होते.

झेड-टेबल

आधी ५०० चा झेड काढायचा, म्हणजे ५०० हे सरासरीपासून किती प्रमाण विचलनं दूर आहे ते: ५०० वजा ५०३, भागिले २.४, म्हणजे −१.२५. टेबलात ऋण बाजू नसेल तर १.२५ घ्या. डावीकडच्या रकान्यात १.२ ची ओळ, वर ०.०५ चा स्तंभ, दोन्ही जिथे भेटतात तिथे ०.८९४४. हे १.२५ च्या डावीकडचं क्षेत्रफळ. वक्र दोन्ही बाजूंनी सारखा असल्याने −१.२५ च्या डावीकडचं क्षेत्रफळ १ वजा ०.८९४४, म्हणजे ०.१०५६.

घोटाळा होतो तो इथे, कारण सगळी झेड-टेबलं एकसारखी नसतात. १.२५ समोर एका पुस्तकात ०.८९४४ असतं, दुसऱ्यात ०.३९४४, तिसऱ्यात ०.१०५६. पहिलं टेबल डावीकडचं सगळं क्षेत्रफळ देतं, दुसरं मध्यापासून झेडपर्यंतचं, तिसरं उजव्या शेपटीचं, म्हणजे झेडच्या उजवीकडचं. तिन्ही बरोबर. पण एका टेबलावर शिकलेली पायरी दुसऱ्यावर चालवली की उत्तराचा बट्ट्याबोळ. टेबलावरचं छोटं चित्र कोणी बघत नाही, म्हणून मी वेगळी खूण सांगतो: ०.०० समोर काय छापलंय ते आधी पाहा. ०.०००० असेल तर टेबल मध्यापासूनचं. ०.५००० असेल आणि पुढे आकडे वाढत असतील तर डावीकडचं, घटत असतील तर उजवीकडचं. पाच सेकंदांचं काम आहे.

टेबलाची दुसरी मर्यादा झेडच्या दोनच दशांश स्थळांची. प्रमाण विचलन २.४ ऐवजी २.६ असतं तर झेड −१.१५३८ आला असता. टेबलासाठी तो −१.१५ करायचा, उत्तर ०.१२५१. पूर्ण झेड घेतला तर ०.१२४३. या फरकाने कोणाचं काही बिघडत नाही. पण खालची बेरीज-वजाबाकी कोणी तपासणार असेल तर कुठे पूर्णांकन केलं ते लिहून ठेवावं.

टेबलाची मोठी जमेची बाजू म्हणजे ते आपल्याला चित्र काढायला लावतं. कोणती बाजू रंगवायची हे ठरवल्याशिवाय पुढची वजाबाकी सुचतच नाही. बाकीची साधनं ही सक्ती करत नाहीत.

कॅल्क्युलेटर

साध्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरमध्येही बऱ्याचदा ही सोय असते आणि वापरणाऱ्याला वर्षानुवर्षं पत्ता नसतो. कॅसिओच्या अनेक मॉडेल्समध्ये सांख्यिकीच्या मोडमध्ये पी, क्यू आणि आर अशी तीन फलनं मिळतात. पीला १.२५ दिले की ०.८९४४, क्यूला दिले की ०.३९४४, आरला दिले की ०.१०५६. म्हणजे वरची तीन टेबलंच, बटणांच्या रूपात. ग्राफिंग कॅल्क्युलेटर खालची मर्यादा, वरची मर्यादा, सरासरी आणि प्रमाण विचलन थेट मागतो. झेड काढायची गरजच नाही. खालची मर्यादा उणे अनंत असेल तिथे एखादी प्रचंड ऋण संख्या टाकायची. मात्र परीक्षेत कोणतं मॉडेल चालतं ते आधी विचारून घ्या.

एक्सेल

नोकरीत बहुतेकांचा संबंध याच्याशीच येतो. नॉर्म.डिस्ट या फलनाला चार गोष्टी द्यायच्या: ५००, ५०३, २.४ आणि शेवटी ट्रू. उत्तर ०.१०५६. दोन मर्यादांमधलं क्षेत्रफळ हवं असेल तर दोनदा विचारून वजाबाकी. हजार ओळींसाठी सूत्र खाली ओढलं की झालं. टेबल घेऊन हे करणारा माणूस मला अजून भेटायचाय.

पण तो चौथा शब्द. ट्रूच्या जागी फॉल्स पडलं की एक्सेल क्षेत्रफळ देत नाही, वक्राची त्या ठिकाणची उंची देतं. आपल्या उदाहरणात ती येते ०.०७६१. हा आकडा नीट बघा. ऋण नाही, एकपेक्षा मोठा नाही, अगदी संभाव्यतेसारखा दिसतो. साडेसात टक्के पाकिटं कमी वजनाची, असं कोणी अहवालात लिहिलं तर कोणाच्या भुवया उंचावणार नाहीत. मी स्वतः एका जुन्या फाईलमधून सूत्र उचलून असाच आकडा पुढे पाठवला होता. दोन दिवसांनी दुसऱ्याच कामासाठी तीच फाईल उघडली तेव्हा लक्षात आलं.

यावर माझा उपाय असा: सूत्रात ५०० च्या जागी सरासरीच, म्हणजे ५०३ टाकून बघा. क्षेत्रफळ मागितलं असेल तर ०.५ यायलाच हवं. उंची मागितली असेल तर ०.१६६ येईल आणि चोरी पकडली जाईल. प्रमाण विचलन ०.१ इतकं लहान असेल तर मध्यावरची उंची ३.९९ येते, तिथे चूक आपोआप उघडी पडते. आपल्या पाकिटांच्या बाबतीत ती कृपा होत नाही.

कोड

आर या सांख्यिकीच्या संगणक-भाषेत पीनॉर्म हे फलन आहे. पायथनमध्ये ३.८ आवृत्तीपासून स्टॅटिस्टिक्स या मूळ ग्रंथालयातच नॉर्मलडिस्ट आहे, आणि सायपाय या पायथनच्या जोड-ग्रंथालयात तर सगळा सरंजाम आहे. एक्सेलपेक्षा याचा खरा फायदा म्हणजे सूत्र कुठल्या तरी चौकोनात लपत नाही, वाचता येतं. इथली ठरलेली चूक लांबच्या शेपटीत होते. झेड ९ च्या उजवीकडचं क्षेत्रफळ हवं म्हणून १ वजा डावीकडचं असं लिहिलं की उत्तर येतं चक्क शून्य, कारण संगणकाच्या सोळाएक अंकांत ते डावीकडचं क्षेत्रफळ एकच होऊन बसतं. खरं उत्तर साधारण १.१३ गुणिले दहाचा उणे एकोणिसावा घात. म्हणून उजवी शेपटी थेट मागायची: आरमध्ये लोअर टेल बंद करून, सायपायमध्ये एसएफ वापरून.

यादृच्छिक आकडे पाडून मोजण्याची पद्धतही आहे. या प्रश्नासाठी ती घेऊ नका. दहा हजार पाकिटं संगणकात भरलीत तरी उत्तर ०.१०५६ च्या आसपास ०.००३ ने इकडेतिकडे हलतं, आणि आणखी एक दशांश स्थळ पक्कं करायला शंभरपट पाकिटं लागतात.

६८-९५-९९.७

सरासरीपासून एक, दोन आणि तीन प्रमाण विचलनांच्या आत अनुक्रमे साधारण ६८, ९५ आणि ९९.७ टक्के आकडे येतात, हा तो नियम. साधन म्हणून तोकडा, पहारेकरी म्हणून चांगला. ५०० ग्रॅम हे सरासरीच्या खाली एक ते दोन प्रमाण विचलनांच्या मध्ये पडतं, म्हणजे उत्तर साधारण अडीच आणि सोळा टक्क्यांच्या दरम्यान हवं. कोणी ०.८९४४ वजा करायला विसरला तर हा नियम लगेच हटकतो. ०.०७६१ ला मात्र तो सलाम ठोकून आत सोडतो. म्हणून एक्सेलवाल्यांनी फक्त याच्या भरवशावर राहू नये.

उलटा प्रश्न

फक्त एक टक्का पाकिटं ५०० च्या खाली जावीत, तर यंत्र किती ग्रॅमवर लावावं? इथे टेबल उलटं वाचायचं असतं: ०.९९ कडेला नाही, आतल्या आकड्यांत शोधायचं. २.३३ समोर ०.९९०१ मिळतं, म्हणून ५०० अधिक २.३३ गुणिले २.४, सुमारे ५०५.६ ग्रॅम. गडबडीत कडेच्या ०.९९ वर बोट ठेवणारे नेहमी भेटतात. उलट्या प्रश्नांत मी टेबलाची बाजू घेत नाही. एक्सेलच्या नॉर्म.इन्व्हला ०.०१, सरासरी ० आणि प्रमाण विचलन १ दिले की −२.३२६३ हातात येतं.

तर कोणी काय घ्यावं? विषय नव्याने शिकताय आणि परीक्षेत टेबल मिळणार आहे, तर टेबलच, आणि सरावालाही परीक्षेतलंच टेबल. कॅल्क्युलेटर चालत असेल तर तो पडताळणीसाठी जवळ असू द्या. कामावर दहा-वीस आकडे काढायचे असतील तर एक्सेल पुरे, ०.५ ची कसोटी लावून. तोच हिशोब दर महिन्याला करायचा असेल किंवा शेपटीच्या टोकाशी काम असेल तर कोड.

साधन निवडण्यात मात्र फार रात्री घालवू नका, कारण मोठ्या चुका बहुधा साधनाबाहेर होतात. नाणं शंभरदा उडवलं, साठ किंवा जास्त छापे येण्याची संभाव्यता काढायचीय. सरासरी ५०, प्रमाण विचलन ५, झेड २, उत्तर ०.०२२८. द्विपद वितरणाने, म्हणजे छापे एकेक मोजून, काढलेलं नेमकं उत्तर ०.०२८४. सायपायची सगळी दशांश स्थळं ओतलीत तरी ही दरी भरत नाही. ६० ऐवजी ५९.५ पासून मोजलं, म्हणजे सातत्याची दुरुस्ती केली, की झेड १.९ होतो आणि अगदी साध्या टेबलातूनही ०.०२८७ मिळतं.

पाकिटांचंही तसंच. प्रमाण विचलन २.४ ऐवजी २.६ निघालं की कमी वजनाची पाकिटं साडेदहा टक्क्यांवरून जवळपास साडेबारावर जातात. आणि शेपटीत तर वक्राचाच भरवसा धरवत नाही. सहा प्रमाण विचलनं खाली, म्हणजे ४८८.६ ग्रॅमच्याही आत भरलेलं पाकीट हिशोबाने शंभर कोटींत एखादं. भरणारी नळी तुंबली की पाकीट अर्धं रिकामं निघतं, आणि नळ्या त्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळा तुंबतात.