ब्रँडेड पीसीत आरटीएक्स 4060 ग्राफिक्स कार्ड टाकलं त्याला आठ महिने झाले, बिचारं कार्ड उगाच बदनाम झालं

आधीच सांगतो, लिखाण लांबलंय. पण हे कार्ड बसवायच्या आधी मला कोणी एवढं सांगितलं असतं तर माझे तीन आठवडे वाचले असते, म्हणून सगळंच लिहितोय.

पीसी ब्रँडेड, तयार घेतलेला. आय5 10400 प्रोसेसर, 8 जीबी रॅमची एकच स्टिक, ऑनबोर्ड ग्राफिक्स आणि 260 वॅटचा एसएमपीएस (सगळ्या पीसीला वीज देणारा डबा). 4060 निवडलं कारण ते फक्त 115 वॅट खातं, प्रोसेसर 65 वॅटचा, बेरीज केली तर 260 मध्ये आरामात बसतं असं मी कागदावर ठरवलं आणि कार्ड मागवून मोकळा झालो. कॅबिनेट उघडलं तर एसएमपीएसला कार्डची 8 पिनची वायरच नाही! कार्ड ज्या स्लॉटमध्ये बसतं त्यातून जास्तीत जास्त 75 वॅट मिळतात, वरचे द्यायचे कुठून? साटाच्या (हार्डडिस्कला वीज देणाऱ्या) वायरीला लावून 8 पिन करून देणारे कन्व्हर्टर मिळतात, मीही तेच करणार होतो. मग हिशोब केला. साटाच्या कनेक्टरला 12 व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येक पिन दीड अँपिअरची, म्हणजे सगळे मिळून 54 वॅट, आणि 8 पिनकडून कार्ड 150 पर्यंत मागू शकतं. अशा वायरी वितळलेल्या उगाच दिसत नाहीत. ते करू नका.

बरं, एसएमपीएस बदलू म्हटलं तर मदरबोर्डवर नेहमीचं 24 पिनचं सॉकेटच नाही, कंपनीचं स्वतःचं 6 पिनचं. हार्डडिस्कची वीजसुद्धा मदरबोर्डवरूनच निघते. त्यामुळे 550 वॅटचा स्टँडर्ड एसएमपीएस आणि 24 ते 6 पिनचं अडॅप्टर असं दोन्ही घ्यावं लागलं. हे अडॅप्टर घेताना आपल्याच मॉडेलचं आहे ना ते दहा वेळा बघा, कारण माझ्या बोर्डाला स्टँडबायलाही (पीसी बंद पण प्लग चालू असताना) 12 च्या आसपास व्होल्टेज लागतं, स्टँडर्ड एसएमपीएस तिथे 5 देतो, म्हणून त्या अडॅप्टरच्या मध्ये व्होल्टेज वाढवणारी एक छोटी पट्टी असते. नुसत्या पिना जुळल्या म्हणून काहीतरी खोचलं की बोर्ड गेला. स्क्रूची भोकं जुळली हे माझं नशीब, सगळ्या ब्रँडेड कॅबिनेटमध्ये जुळत नाहीत, आधी मोजून घ्या. आणि एवढा व्याप नकोच असेल तर आरटीएक्स 3050 चं 6 जीबीवालं कार्ड बघा, ते 70 वॅटचं आहे, बहुतेक मॉडेलना वेगळी वायर लागत नाही.

कार्ड बसलं, पंखे फिरले, स्क्रीन काळी. वायर मदरबोर्डच्याच एचडीएमआयला राहिली असेल म्हणून पाहिलं, नाही, कार्डलाच होती. मग कार्ड काढून ऑनबोर्डवर बायोस, म्हणजे मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट केला (हे खरंतर सगळ्यात आधी करायचं, जुना एसएमपीएस जागेवर असतानाच), सेल काढून सीमॉस, म्हणजे बायोसची सेटिंग्ज, रिसेट केली, आणि पीसी चालू केला तर निळ्या स्क्रीनवर बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची) रिकव्हरी की मागायला लागला. मी आयुष्यात कधी बिटलॉकर चालू केलं नव्हतं! तयार पीसीत विंडोजचं एन्क्रिप्शन बऱ्याचदा आधीपासूनच चालू असतं आणि बायोसमध्ये हात घातला की ते बिथरतं. 48 आकडी की माझ्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडली म्हणून वाचलो, नाहीतर सगळा डेटा गेला होता. बायोसला हात लावण्याआधी की लिहून ठेवा किंवा एन्क्रिप्शन थांबवून ठेवा. नवीन बायोसवर कार्डचा डिस्प्ले लगेच आला.

इथून पुढे खरी डोकेदुखी.

दोन आठवडे मस्त चाललं. मग गेम खेळताना अचानक स्क्रीन काळी, कार्डचे पंखे फुल स्पीडला, आवाज चार-पाच सेकंद चालू आणि मग सगळं ठप्प. कधी दिवसातून दोनदा, कधी तीन दिवस काहीच नाही. विंडोजच्या नोंदींमध्ये, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, नुसतं कर्नल पॉवर 41, आणि त्याचा अर्थ एवढाच की पीसी नीट बंद झाला नव्हता, ते तर मलाही माहीत होतं. सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या टूलने ड्रायव्हर साफ केला, नवीन टाकला, जुना टाकून बघितला, रात्रभर रॅम टेस्ट लावली, काही नाही. आफ्टरबर्नर या कार्डची सेटिंग्ज बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट 75 टक्के केलं तर प्रकार कमी झाला, म्हणून एसएमपीएसवर संशय घेतला, मग तोही बदलून बघितला, तरी तेच.

एक दिवस वैतागून साइड पॅनल काढून ठेवलं आणि आठवडाभर एकदाही बंद पडला नाही. मी म्हटलं झालं, सापडलं, हीट! कॅबिनेटचं तोंड पुढून जवळजवळ बंद आहेच, हवा कुठून येणार. दोन फॅन आणले, पुढचा कंपनीचा फॅन काढून तिथे नवा बसवला, पॅनल लावलं आणि त्याच संध्याकाळी परत काळी स्क्रीन. खरंतर आकडे समोरच होते, पॅनल लावून कार्ड 69 डिग्री आणि काढून 65. चार डिग्रीत कुठलं कार्ड मरतं? पण मला हीट हवी होती, म्हणून मी हीटच बघत होतो.

शेवटी टॉर्च घेऊन, पॅनल अर्धवट सरकवत सरकवत बघितलं. कॅबिनेट अरुंद, कार्डचा 8 पिन कनेक्टर वरच्या कडेला, त्यातून बाहेर येणारी जाड वायर आणि तिच्यावर पॅनल दाबून बसत होतं. वायर वाकायची, 8 पिनचा प्लग 6 आणि 2 अशा दोन तुकड्यांचा असतो, त्यातला दोनचा तुकडा एका बाजूने जेमतेम मिलिमीटरभर उचलला जायचा. लोड वाढला, करंट वाढला की तो अर्धवट कॉन्टॅक्ट दगा द्यायचा. पॉवर लिमिट कमी केल्यावर बरं का वाटत होतं तेही कळलं. वायर हलक्या हाताने नीट वळवली, दोन्ही तुकडे एकत्र धरून कट्ट आवाज येईपर्यंत दाबले, आणि पॅनलच्या आतला एक हवा वळवणारा प्लास्टिकचा डक्ट होता तो काढूनच टाकला. त्या दिवसापासून आजपर्यंत, म्हणजे सात महिने, एकदाही बंद नाही.

आता कार्डाबद्दल. 1080पी ला जे हवं ते सगळं चालतं, आवाज जवळपास नाही. सुरुवातीला गेममध्ये सारखे झटके यायचे, त्याला कारण ती एकटी रॅम. 8 ची दुसरी स्टिक टाकून ड्युअल चॅनल (दोन्ही स्टिक एकदम वापरणं) केल्यावर जो फरक पडला तो अवाक करणारा होता, हे कार्डासोबतच करा. एक मर्यादा खरी आहे. हे कार्ड मदरबोर्डशी 8 लेननेच (डेटाच्या वाटांनी) जोडलेलं आणि माझा दहाव्या पिढीचा प्रोसेसर जुन्या, हळू पीसीआयई 3.0 चा, त्यामुळे कार्डची 8 जीबी मेमरी भरली की जास्तीचं बसवरून ये-जा करतं आणि तिथे दम लागतो. मी टेक्स्चर अल्ट्रावरून हायवर आणले, डोळ्यांना फरक कळत नाही. जीपीयू झेड या कार्डची माहिती दाखवणाऱ्या टूलमध्ये बस 1.1 दिसली तर घाबरू नका, रिकामं असताना वीज वाचवायला तसं होतं, लोड दिला की 3.0 दाखवतं. रिसाइजेबल बार (प्रोसेसरला कार्डची सगळी मेमरी एकदम दिसू देणारी सोय) माझ्या बायोसमध्ये शोधून सापडला नाही, सोडून दिलं. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांसाठी एव्ही1 (व्हिडिओ कमी जागेत बसवणारा फॉरमॅट) एन्कोडर आहे, मोठे व्हिडिओ एक्सपोर्ट करताना त्याचा उपयोग होतो.

आणि हो, हीटच्या नादात कंपनीचा पुढचा फॅन काढला होता ना, त्याचा प्लगही वेगळाच होता. आता प्रत्येक वेळी चालू करताना बायोस सांगतो की फॅन सापडत नाही, एफ1 दाबा. बंद करायचा पर्याय कुठेच नाही, आणि तो जुना फॅन मी कुठे ठेवलाय ते आठवत नाही. दाबतो रोज एफ1.