सिल्व्हर गाडी, एक दरवाजा, दोन पेंटर : आठ महिन्यांनंतर

सिल्व्हर गाडीवर धूळ दिसत नाही म्हणून मी सिल्व्हर घेतली. धूळ खरंच दिसत नाही. पण पत्र्याला एकदा काम निघालं की याच रंगाएवढा छळ दुसरा कुठलाच करत नाही.

गाडी 2015 ची स्विफ्ट, सिल्की सिल्व्हर. जानेवारीत कोरेगाव रोडला उसाची ट्रॉली घासून गेली आणि डाव्या बाजूचा पुढचा दरवाजा चेपला. फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) आणि मागचा दरवाजा वाचले. साताऱ्यातल्याच एका गॅरेजला (नाव लिहीत नाही) गाडी दिली. तीन दिवस, 3,500 रुपये. संध्याकाळी शेडमध्ये ट्यूबलाइटखाली बघितली, झकास दिसली, पैसे देऊन आलो.

सकाळी बायको गेटातूनच म्हणाली, "अहो, दार दुसऱ्या गाडीचं बसवलंय का?"

समोर उभं राहिलं की दरवाजा काळपट. मागच्या दिव्याजवळ जाऊन तिरकं बघितलं की तोच दरवाजा उलट उजळ. परत गेलो तर उत्तर ठरलेलं : "साहेब, कंपनीचा कलर कोड टाकूनच कलर काढलाय. दोन महिने ऊन खाल्लं की होईल मॅच." दोन महिने थांबलो. काही झालं नाही. पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमधून बाहेर उन्हात आलो की शेजारच्या गाडीवाल्याला आपला दरवाजा दिसत असणार, असंच सारखं वाटायचं.

एप्रिलमध्ये ओळखीतून एमआयडीसीकडच्या एका पेंटरकाकांकडे गेलो. त्यांनी दरवाजाला हातही लावला नाही, आधी फेंडर कंपाउंड (घासायची पेस्ट) लावून घासला. दहा वर्षांची धूळ-ऊन निघाल्याशिवाय मूळ शेड दिसत नाही म्हणे. मग म्हणाले, "डबा बरोबर असतो हो. हात चुकतो."

सिल्व्हरसारख्या मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे बारीक चपटे कण असतात, आणि ते पत्र्यावर कसे पडतात त्यावर शेड ठरते. रंगाची स्प्रे गन फार जवळ धरली, हवा कमी ठेवली, कलर ओला-ओला बसला, तर कण आत बुडतात आणि वेडेवाकडे उभे राहतात : समोरून काळपट, बाजूनं उजळ. म्हणजे अगदी माझाच दरवाजा. कोरडा मारला तर कण वर सपाट पडतात आणि बरोबर उलटं होतं. तोच डबा, तीच गाडी. शिवाय एकाच कोडमध्ये कंपनीतून येणाऱ्या गाड्यांतही थोडा फरक असतोच.

काकांनी तीन कार्डांवर कलर मारला आणि अर्ध्या-अर्ध्या भागावर क्लिअर (वरचा पारदर्शक चकचकीत थर) चढवला, कारण क्लिअरशिवाय बेस, म्हणजे खालचा रंगाचा थर, मॅट दिसतो आणि फसवतो. वाळल्यावर कार्डं घेऊन आम्ही बाहेर उन्हात. समोरून, उजवीकडून, डावीकडून. दुसरं कार्ड फेंडरवर ठेवलं आणि कडा सोडून बाकी गायब झालं. हे बघायला मी अर्धा दिवस बुडवला, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

आणि एवढं करूनही त्यांनी दरवाजा कडेपासून कडेपर्यंत रंगवून सोडला नाही. कलर फेंडरच्या मागच्या कडेवर आणि मागच्या दरवाजाच्या पुढच्या कडेवर वीतभर विरवत नेला, मग तिन्ही पत्र्यांवर पूर्ण क्लिअर. थोडा फरक उरलाच तरी डोळ्याला फट सापडत नाही. चांगल्या फेंडरला पॉलिश पेपर लागताना माझ्या पोटात गोळा आला होता, ते वेगळं. हँडल आणि काचेखालचं बीडिंग काढून ठेवलं होतं; पहिल्यानं नुसती टेप चिकटवली होती. एकूण 9,000. महिनाभर पॉलिश-वॅक्स लावायचं नाही, एवढीच अट.

आता डिसेंबर. एक पावसाळा झाला, कासच्या धुक्यात दोनदा जाऊन आलो, गाडी दर रविवारी घरीच धुतो. शेडबद्दल तक्रार शून्य. नवीन माणसाला कुठला दरवाजा रंगवलाय हे विचारतो. आजवर एकालाही ओळखता आलं नाही. क्लिअर कुठे सुटलेला नाही.

तक्रार आहे ती लांबीची, म्हणजे चेपलेला पत्रा सपाट करायला भरतात त्या पुटीची. दरवाजाच्या खालच्या बाजूला जिथे जाड भरली होती तिथे ती बसली आहे. सकाळचं कोवळं ऊन आडवं पडलं की हाताच्या पंजाएवढी कड पुसट दिसते. काकांना दाखवली. त्यांनी बोट फिरवलं आणि मान्य केलं : खाली पहिल्या गॅरेजची लांबी होती, ती पूर्ण उकरायला हवी होती, राहून गेली. दिवाळीनंतर करून देतो म्हणाले होते. दिवाळी गेली. बघू.

एक नवीनच दुखणं लागलंय. पुढचा बंपर फेंडरपेक्षा किंचित वेगळा दिसतो. काका हसले, "तो प्लास्टिकचा, वेगळा रंगवून येतो. कंपनीतून आल्यापासून तसाच आहे. तुम्ही आत्ता बघायला लागलात."

ते दुसरं कार्ड मागून घेतलंय. मागे मिश्रणाचं प्रमाण आणि गनचं प्रेशर पेननं लिहिलंय. आरसी बुकाच्या पाकिटात ठेवलंय.