गोव्यातून व्हिएतनामचा ई-व्हिसा स्वतः काढताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

व्हिएतनामचा पर्यटक ई-व्हिसा एजंटाशिवाय काढता येतो. ज्याला पासपोर्ट समोर ठेवून इंग्रजी फॉर्म सावकाश भरता येतो, त्याने तो स्वतःच काढावा. गेले काही महिने घरच्यांचे आणि ओळखीच्यांचे अर्ज व्हिएतनाम सरकारच्या पोर्टलवरून भरल्यावर आमचे हे मत पक्के झाले आहे. फॉर्म लांबलचक असला तरी अवघड नाही. अर्ज अडकतात ते नाव, तारखा, विमानतळ आणि कार्ड या चार ठिकाणी, आणि चारही गोष्टी आधीच सांभाळता येतात.

१५ ऑगस्ट २०२३ पासून हा व्हिसा जास्तीत जास्त ९० दिवसांचा मिळतो. एकदाच प्रवेशाचे शुल्क २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचे ५० डॉलर. अर्ज नामंजूर झाला तरी पैसे परत मिळत नाहीत. हनोईहून कंबोडियाला जाऊन अंकोर वाट पाहायचे आणि पुन्हा व्हिएतनाममध्ये यायचे असेल, तर ५० डॉलरचाच घ्या. एकदाच प्रवेशाचा व्हिसा देशाबाहेर पाऊल टाकताच संपतो, मग त्यावर कितीही दिवस शिल्लक असोत.

सरकारी पोर्टलच्या पत्त्याचा शेवट ‘गव्ह डॉट व्हीएन’ असा असतो. शोधयंत्रात वर दिसणाऱ्या बऱ्याच साइट खासगी असतात. झेंडा, बोधचिन्ह, रंग सगळे सरकारी वाटावे असे असते आणि शुल्क मात्र कितीतरी जास्त. त्यामुळे पत्ता स्वतः टाइप करावा.

आता नावाविषयी, कारण सर्वाधिक घोळ इथेच होतो. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या. वरच्या ओळीत देशाच्या संक्षेपानंतर आडनाव येते, मग बाणासारख्या दोन खुणा, आणि त्यापुढे नाव. आडनावाच्या रकान्यात त्या दोन बाणांच्या आधीचे सगळे आणि नावाच्या रकान्यात नंतरचे सगळे लिहायचे. वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव तिथे छापलेले असेल तर तेही. आधार कार्डावर काय आहे, बँकेत काय आहे, याचा इथे काही संबंध नाही.

गोव्यात हे जरा जास्त जपावे लागते. नाईक हे आडनाव कुणाच्या पासपोर्टवर ‘के’ने संपते, तर कुणाच्या जुन्या पोर्तुगीज वळणाने ‘क्यू-यू-ई’ने. जन्मस्थान म्हापसा असेल तर इंग्रजीत ‘एस’ की ‘सी’, हे घरातल्या दोघांच्या पासपोर्टवर वेगवेगळे असू शकते. आपल्याला बरोबर वाटते ते स्पेलिंग बाजूला ठेवा आणि छापलेले उतरवा. लग्नानंतर तिकीट नव्या आडनावाने काढले आणि पासपोर्ट माहेरच्या नावाचा राहिला, तर व्हिसा पासपोर्टप्रमाणेच भरायचा आणि तिकीट दुरुस्त करून घ्यायचे. पासपोर्टच्या फोटोवरून एखादा रकाना आपोआप भरला गेला, तरी तो अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. आपल्या पासपोर्ट क्रमांकात पहिले एक इंग्रजी अक्षर आणि पुढे सात आकडे असतात. म्हणजे पुढे जे गोल दिसते ते शून्यच, ‘ओ’ नव्हे.

फोटो दोन लागतात: एक आपला आणि एक पासपोर्टच्या पानाचा. आपला फोटो ४ बाय ६ प्रमाणात, समोर पाहणारा, चष्म्याशिवाय. स्टुडिओत गेल्यावर छापील प्रतींबरोबर जेपीजी फाइलही मागून घ्यावी, कारण छापील फोटोचा मोबाइलने काढलेला फोटो चालेलच असे नाही. पासपोर्टचे पान फ्लॅश बंद ठेवून खिडकीच्या उजेडात टिपावे. प्लास्टिकवर चमक आली किंवा कोपऱ्यावर बोट आले तर तळच्या दोन ओळी वाचता येत नाहीत. अर्ज दुरुस्तीसाठी परत येण्याचे हे एक मोठे कारण असते. पत्त्याचे शेवटचे पान इथे लागत नाही. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक हवी.

व्हिएतनाममधल्या पत्त्याचा रकाना हल्ली लोकांना गोंधळात टाकतो. १ जुलै २०२५ पासून तिथे ६३ प्रांतांचे ३४ झाले आणि जिल्ह्याची पातळीच रद्द झाली. हॉटेलच्या बुकिंगवर मात्र जुनाच पत्ता असू शकतो. होई आन पूर्वी क्वांग नाम प्रांतात होते, आता ते दा नांग शहरात मोडते. फु क्वोक आता आन जियांगमध्ये. हॉटेलच्या पत्त्यातला जुना प्रांत पोर्टलच्या यादीत सापडला नाही तर घाबरू नये. नव्या रचनेत ते गाव कुठे गेले ते पाहून तो प्रांत निवडावा. पहिल्या मुक्कामाचे हॉटेल पुरते.

मुलांसाठीच्या एका रकान्याकडे लक्ष द्या. ‘पासपोर्टमध्ये नोंद असलेली १४ वर्षांखालील मुले’ असे तिथे विचारतात. आपल्याकडे तान्ह्या बाळाचाही वेगळा पासपोर्ट असतो. म्हणून तो रकाना रिकामा ठेवायचा आणि मुलाचा स्वतंत्र अर्ज, स्वतंत्र शुल्कासह भरायचा. आईच्या अर्जात मुलाचे नाव लिहिले आणि वेगळा अर्ज केला नाही, तर मुलाला व्हिसाच नसतो.

प्रवेशाचा विमानतळ म्हणजे व्हिएतनामच्या जमिनीवर जिथे पहिल्यांदा उतरणार तो. तिकीट दा नांगपर्यंतचे असले तरी विमान हो ची मिन्ह सिटीत बदलत असेल, तर इमिग्रेशन तान सोन न्हात विमानतळावर होते आणि फॉर्ममध्ये तेच नाव हवे. हनोईसाठी नोई बाई. तारखांच्या बाबतीत आमचा आग्रह असा: ९० दिवसांची सवलत आहे तर पोहोचण्याच्या दिवसाच्या एक-दोन दिवस आधीपासून आणि परतीनंतर आठवडाभर पुढेपर्यंत मुदत मागावी. व्हिसा सुरू होण्याआधी प्रवेश मिळत नाही, आणि विमान कंपन्या वेळापत्रक पुढेमागे करतात. मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या विमानाच्या तारखेत चुकायला अगदी सोपे असते, त्यामुळे तिकिटावरची उतरण्याची तारीख पाहूनच लिहा.

पैसे भरताना यूपीआयची आशा धरू नका. आंतरराष्ट्रीय चालणारे ‘व्हिसा’ किंवा ‘मास्टरकार्ड’ कंपनीचे कार्ड लागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १६ मार्च २०२० पासून नवीन कार्डे फक्त देशांतर्गत वापरासाठी सुरू करून दिली जातात. परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार बँकेच्या अॅपमध्ये आपणच चालू करायचे असतात, दोन्ही बटणे वेगवेगळी. मर्यादा शून्यावर असेल तर तीही वाढवावी. काम झाले की पुन्हा बंद. बँका साधारण दोन ते साडेतीन टक्के चलनबदलाचा आकार लावतात आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी, म्हणून खात्यातून गेलेली रक्कम गणितापेक्षा थोडी जास्त दिसते. व्यवहार मध्येच तुटला तर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नयेत. आधी अर्ज भरताना पोर्टलवर मिळालेला नोंदणी कोड टाकून अर्जाची स्थिती पाहावी, बँकेचा संदेश पाहावा, मगच पुढे जावे. पावसाळ्यात वीज गेली की वायफायही जाते, तेव्हा पैसे भरण्याची पायरी मोबाइल डेटावरच करावी.

तो नोंदणी कोड हा सगळ्या कामाचा दोर आहे. अर्जाची स्थिती पाहायला कोड, ईमेल आणि जन्मतारीख या तिन्ही गोष्टी लागतात. एजंटाकडे द्यायचेच असेल तर एक अट घाला: फॉर्ममध्ये ईमेल तुमचा आणि कोड तुमच्या हातात. एजंटाचा ईमेल टाकलेला असला की तुमच्याच व्हिसासाठी तुम्हाला त्याच्या फोनची वाट पाहावी लागते. वयस्कर मंडळी, फॉर्म इंग्रजीत वाचणे जड जाणारे, किंवा वीसेक जणांचा गट यांनी एजंटाची मदत घेण्यात काहीच गैर नाही.

वेळ तीन कामाचे दिवस असा सांगितला जातो. कामाचे दिवस तिथले असतात, गोव्यातले नाहीत. शनिवार-रविवार धरायचे नाहीत. तेत म्हणजे त्यांचे नववर्ष. २०२६ मध्ये ते १७ फेब्रुवारीला, नेमके आपल्या कार्निव्हलच्या शेवटच्या दिवशी, आणि त्याच्या मागेपुढे कार्यालये बरेच दिवस बंद. ३० एप्रिल आणि १ मे सलग सुट्या, ऐन मे महिन्याच्या सहलींच्या तोंडावर. २ सप्टेंबर हा त्यांचा राष्ट्रीय दिन. २०२५ मध्ये चवथ २७ ऑगस्टला होती, म्हणजे चवथ आटोपून निघणाऱ्यांच्या आड हीच सुटी येत होती. म्हणून निघण्याच्या तीन-चार आठवडे आधी अर्ज करावा. त्याहून फार आधी घाई करण्यात लाभ नाही, कारण तिकीट बदलले तर व्हिसातल्या तारखा बदलून मिळत नाहीत, नवा अर्ज आणि नवे शुल्क.

मंजुरीची पीडीएफ उघडताच नाव, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, प्रवेशांची संख्या आणि मुदत पासपोर्टशी ताडून पाहावी, एकट्याने नव्हे, दुसऱ्याकडून वाचून घेऊन. एक अक्षर चुकले असेल तरी तो व्हिसा घेऊन निघू नये, नवा काढावा. पुन्हा भरलेले २५ डॉलर हे काउंटरवरून परत फिरण्यापेक्षा केव्हाही स्वस्त. दोन कागदी प्रती काढून हातातल्या पिशवीत ठेवा. मोपा किंवा दाबोळीहून मुंबई-बेंगळुरूमार्गे एकाच पीएनआरवर जाणाऱ्यांचे सामान थेट जात असेल, तर व्हिसाचा कागद गोव्यातल्या काउंटरवरच मागितला जाऊ शकतो. चेक-इन केलेल्या बॅगेत तो अडकलेला नको.

इंडोनेशियाशी तुलना नेहमी होते. तिथला आगमनाचा इलेक्ट्रॉनिक व्हिसा ५ लाख रुपिया, मुक्काम ३० दिवस, आणि पैसे भरले की बहुधा लवकर हाती येतो. त्यासाठी व्हिएतनामइतके आधीपासून लागावे लागत नाही. बालीसाठी दीड लाख रुपियांचा पर्यटक कर १४ फेब्रुवारी २०२४ पासून वेगळा भरावा लागतो. थायलंडला जाणाऱ्यांनी १ मे २०२५ पासून लागू झालेले डिजिटल आगमन कार्ड पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचे असते. ते फुकट आहे, त्याचे पैसे मागणारी साइट दिसली तर लगेच बंद करा.