ट्यूब कॉम्बोवर हळू आवाजात मेटल: काही महिन्यांच्या वापरानंतर

माझा गिटारचा पंधरा वॅटचा ट्यूब कॉम्बो, म्हणजे व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा आणि स्पीकर त्याच खोक्यात असलेला अँप, मध्यंतरी गेन चॅनेलवर (करकरीत आवाजाच्या चॅनेलवर) शीळ घालू लागला. त्यावरून सेवा केंद्राशी जो वाद झाला, त्यानंतर हा अनुभव लिहायला घेतला आहे. अँपचे आणि सेवा केंद्राचे नाव लिहीत नाही, कारण पुढे सांगितलेली जवळपास प्रत्येक गोष्ट या वर्गातल्या बहुतेक अँपना लागू पडते. पॉवर अँपमध्ये (आवाज मोठा करणाऱ्या शेवटच्या भागात) दोन ईएल८४ ट्यूब, प्रीअँपमध्ये (स्वर घडवणाऱ्या आधीच्या भागात) १२एएक्स७ ट्यूब, बारा इंची एक स्पीकर, मागची बाजू अर्धी उघडी, इफेक्ट्स लूप (प्रीअँप आणि पॉवर अँपच्या मध्ये बाहेरची साधने जोडण्याची सोय) आणि लो-पॉवरचा स्विच, अशी ही परिचित रचना आहे. मी पुण्यात एका सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो, ड्रॉप डीमध्ये (सहावी, सर्वांत जाड तार डी स्वरापर्यंत उतरवून) हेवी मेटल वाजवतो, आणि कामावरून आल्यानंतर रात्री जेवढा वेळ मिळेल तेवढाच माझा वाजवण्याचा वेळ असतो.

ट्यूब अँप हळू आवाजात वाजवायचा म्हटला की चर्चा लगेच वॅटवर येते. पंधरा घ्यावा की पाच, पाच घ्यावा की एक, यावर लोक तासन् तास वाद घालतात. प्रत्यक्ष हिशेब मांडला तर त्या वादातला जीवच निघून जातो. गिटारचे बरेचसे बारा इंची स्पीकर एका वॅटला एका मीटरवर ९७ ते १०० डेसिबल आवाज देतात, आणि सेलेशनच्या व्हिंटेज ३० चा आकडा १०० आहे. म्हणजे एक वॅटचा अँपसुद्धा पूर्ण उघडला तर बंद खोलीत बसू देणार नाही. वॅट दहापट कमी केले की दहा डेसिबल कमी होतात, आणि तेव्हा कुठे कानाला आवाज साधारण निम्मा झाल्यासारखा वाटतो. एका मीटरवर ७० डेसिबल हवे असतील, तर अशा स्पीकरला एक हजारांश वॅट पुरतो. आपल्या ध्वनिप्रदूषण नियमांत, जे २००० पासून लागू आहेत, निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे. ती घराबाहेर मोजायची असते आणि भिंती बराच आवाज अडवतात, हे खरे असले तरी, रात्रीचे वाजवणे मिलिवॅटच्या पातळीवर चालते हे त्यावरून स्पष्ट व्हावे. पंधरा वॅट आणि एक वॅट यांतला फरक जेमतेम बारा डेसिबलचा असतो.

मेटलवाल्यांसाठी यात एक दिलासा आहे. ब्लूज किंवा जुना रॉक वाजवणाऱ्याला पॉवर ट्यूब ताणून मिळणारी विकृती (डिस्टॉर्शन) हवी असते, म्हणून त्याला अँप मोठ्याने चालवावाच लागतो. मेटलचा स्वर मात्र प्रीअँपमध्ये घडतो. पीव्हीचा १९९२ मधला ५१५० हा अँप १२० वॅटचा होता, मेसा बूगीचा ड्युअल रेक्टिफायर १०० वॅटचा. या दोघांनी ज्या आवाजाला वळण दिले, त्यातली विकृती एकामागून एक जोडलेल्या १२एएक्स७ च्या टप्प्यांमधून येते आणि पॉवर अँपने ती फक्त मोठी करायची असते. त्यामुळे पॉवर ट्यूब आरामात बसल्या असल्या तरी पाम म्यूटची (तळहाताने तारा दाबून वाजवलेल्या ठोक्याची) धार टिकते. छोट्या ट्यूब कॉम्बोवर मेटल होतच नाही, असे जे ठासून सांगितले जाते, ते मला मुळीच मान्य नाही.

खरी अडचण मास्टर व्हॉल्यूमच्या, म्हणजे एकूण आवाजाच्या, नॉबमध्ये आहे, आणि या लेखाचा बराच भाग मी तिलाच देणार आहे, कारण खरेदी करताना तिच्याविषयी मला कोणीही सावध केले नव्हते. माझ्या अँपवर नॉब घड्याळातल्या सातच्या जागेवर असताना पूर्ण शांतता असते. साडेसातच्या आसपास स्पीकरमधून काहीतरी पातळ, कागदी आवाज येऊ लागतो. आठच्या जरा अलीकडे आवाज एकदम उसळतो आणि खिडकीच्या काचा थरथरतात. नॉबचा उरलेला सगळा फेरा माझ्या घरात निरुपयोगी आहे. मला जो आवाज हवा असतो, तो या दोन जागांच्या मधल्या केसभर अंतरात कुठेतरी असतो. गंजलेल्या नळातून जसे एकतर थेंब पडतात नाहीतर पाणी धो धो येते, तसा हा नॉब वागतो. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत नॉब धरून, श्वास रोखून तो हलवायचा. हवी ती पातळी सापडली की तिला हात लावायचा नाही. आणि दुसऱ्या दिवशी अँपवर फडके फिरवताना नॉबला धक्का लागला की पुन्हा तोच शोध सुरू. हजारो रुपये मोजून घेतलेल्या वस्तूकडून ही अपेक्षा नव्हती.

याचे कारण पॉटच्या (नॉबखालच्या बदलत्या रोधकाच्या) टेपरमध्ये, म्हणजे नॉब फिरेल तसा आवाज कसा चढतो त्यात आहे. कानाला आवाजाची वाढ गुणाकाराने जाणवते, म्हणून व्हॉल्यूमला लॉग टेपरचा पॉट लावतात, जो सुरुवातीला सावकाश आणि पुढे झपाट्याने चढतो. बाजारात मिळणारे बहुतेक लॉग पॉट खऱ्या अर्थाने लॉग नसतात. दोन सरळ रेषा एका वळणावर जोडून ती चढण अंदाजे साधलेली असते. त्यात प्रीअँपचा सिग्नल इतका तगडा असतो की पॉटच्या अगदी तळाच्या टप्प्यातच सगळा उपयोगी आवाज संपतो. दुकानात नॉब जरा फिरवताच अँप गर्जतो आणि गिऱ्हाइकाला माल दमदार वाटतो, म्हणून कंपन्या हे असेच राहू देत असाव्यात, असा माझा तर्क आहे. तो खरा असो वा नसो, चौथ्या मजल्यावर किंवा दुसऱ्या मजल्यावर माणसे राहतात याचा विचार कोणीतरी करायला हवा होता.

लो-पॉवरच्या स्विचबद्दलचे माझे मत वापरताना पालटले. पहिल्या काही आठवड्यांत मी तो कायम दाबून ठेवत असे आणि त्यामुळे अँप घरात वाजवण्याजोगा होतो असे मानत असे. पुढे कान सरावल्यावर लक्षात आले की मास्टर तळाशी असताना स्विच मारला किंवा नाही मारला, आवाजाच्या पातळीत फारसा फरक पडत नाही. हा स्विच अँपची कमाल मर्यादा खाली आणतो, आणि हळू वाजवणारा माणूस त्या मर्यादेच्या आसपासही फिरकत नसतो. उलट पूर्ण पॉवरवर खालच्या तारेचा ठोका किंचित अधिक घट्ट लागतो. आता माझा स्विच कायम पूर्ण पॉवरवर असतो. केवळ या स्विचसाठी कोणी जास्त पैसे मोजणार असेल, तर मोजू नयेत.

मास्टरवरचा उपाय मला इफेक्ट्स लूपमध्ये सापडला आणि तो फारच स्वस्त निघाला. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या तपकीर गल्लीतून एक १०० के चा लॉग पॉट, दोन जॅक आणि पत्र्याची छोटी डबी आणली, सोल्डरिंग केले, आणि लूपच्या सेंड (सिग्नल बाहेर) व रिटर्न (सिग्नल परत आत) या जॅकांच्या मध्ये ती डबी बसवली. सगळा खर्च काही शे रुपयांत आटोपला. प्रीअँपमधून निघालेला सिग्नल मास्टरपर्यंत पोचण्याआधीच या डबीत कमी होतो, त्यामुळे मास्टर दहाच्या जागेवर ठेवता येतो आणि आवाजाचे बारीक नियंत्रण डबीवरच्या नॉबकडे जाते. पहिल्यांदाच मला रात्री अकरा वाजता आवाज अर्ध्या पायरीने कमी करता आला, आणि त्या रात्री झालेला आनंद अँप घरी आला त्या दिवसाच्या आनंदाहून मोठा होता. मास्टर फार वर नेला तर रिटर्ननंतरच्या टप्प्याची सुसकारी ऐकू येऊ लागते, म्हणून मी दहाच्या पुढे जात नाही. ही युक्ती सीरिज लूपवरच चालते. लूप पॅरलल असेल तर मूळ सिग्नलचा काही भाग डबीला वळसा घालून थेट पुढे जातो आणि आवाज पुरता उतरत नाही.

हळू आवाजात खर्ज हरवतो, हा अँपचा दोष नव्हे. बेल लॅब्समधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिले होते की आवाज कमी होत गेला की कानाला खालचे स्वर इतरांपेक्षा लवकर ऐकू येईनासे होतात. ड्रॉप डीमध्ये सहाव्या तारेचा मूळ स्वर ७३ हर्ट्झच्या आसपास असतो, आणि नेमका तोच प्रदेश आधी हरवतो. म्हणून रेझोनन्सचा (पॉवर अँपमध्ये खर्ज वाढवणारा) नॉब असलेला अँप मी नक्की पसंत करीन. मार्शलच्या डीएसएल२० कॉम्बोवर तो आहे, लूपही आहे. माझ्या अँपवर रेझोनन्स नाही, त्यामुळे बास थोडा वर आणि मिड (मधले स्वर) भरपूर ठेवावा लागतो. मिड खाली ओढून घेण्याची मेटलमधली जुनी सवय हळू आवाजात घातक ठरते; रिफ विरघळून जाते. अँपच्या पुढे ट्यूब स्क्रीमर हे ओव्हरड्राइव्ह पेडल लावून ड्राइव्ह शून्यावर आणि लेव्हल पूर्ण ठेवला की साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा भाग प्रीअँपमध्ये शिरण्याआधीच आवरला जातो आणि पाम म्यूट चिखलात रुतत नाही. नॉईज गेट (वाजवत नसताना गुणगुण बंद करणारे पेडल) म्हणून बॉसचा एनएस-२ चार केबलींनी जोडला आहे आणि माझी डबी त्याच्या आउटपुटनंतर, अँपच्या रिटर्नच्या आधी बसते. कॉम्बो जमिनीवर ठेवू नये. माझा लाकडी स्टुलावर, खाली फोमचा जाड तुकडा घालून ठेवला आहे, आणि तेव्हापासून खालच्या मजल्यावरच्या काकूंची तक्रार थांबली. काकूंना त्रास गिटारच्या आवाजाचा होत नव्हता, स्लॅबमधून उतरणाऱ्या धडधडीचा होत होता.

आता शिळेविषयी. गेन दोनच्या जागेच्या पुढे नेला की हात तारांवर घट्ट ठेवलेला असतानाही एक बारीक, चढत जाणारी शीळ सुरू व्हायची. सेवा केंद्राला फोन केला. समोरच्या गृहस्थांनी अँप न पाहताच सांगितले, “साहेब, बोर्डच बदलावा लागेल.” अँप मुंबईला पाठवायचा, जाण्यायेण्याचे भाडे मी द्यायचे, तपासणीचे पैसे वेगळे, आणि ट्यूबवर ९० दिवसांचीच हमी असल्याने त्या बदलल्या तर त्यांचेही पैसे माझ्याकडूनच. ट्यूबचीच हमी कमी मुदतीची असते हे मला ठाऊक आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. न तपासता सगळ्यात महागडे निदान करणे मात्र मला अजिबात पटले नाही, आणि तसे मी त्यांना स्पष्टपणे सांगितले. ट्यूब अदलून पाहू का, असे विचारल्यावर तर हमी रद्द होईल अशी भीती घालण्यात आली, जरी माझ्या माहितीपुस्तिकेत ट्यूब बदलण्याची कृती चित्रासह छापलेली आहे.

कॉम्बोमध्ये ट्यूब आणि स्पीकर एकाच खोक्यात असतात, त्यामुळे स्पीकरची कंपने सतत ट्यूबला बसतात आणि जुनी किंवा मुळातच सैल बांधणीची १२एएक्स७ मायक्रोफोनिक होते, म्हणजे हादऱ्याला स्वतःच वाजू लागते. तपासणी सोपी आहे. गेन मध्यम ठेवून पेन्सिलीच्या मागच्या टोकाने एकेका ट्यूबवर हलके टकटक करावे. इनपुट जॅकच्या सर्वांत जवळच्या ट्यूबवर पेन्सिल लागताच माझ्या स्पीकरमधून काचेचा पेला वाजवल्यासारखा टणत्कार आला, बाकीच्या जवळजवळ मुक्या राहिल्या. अँप बंद केला, प्लग काढला, ट्यूब थंड होऊ दिल्या, आणि पहिल्या जागेवरची ट्यूब फेज इन्व्हर्टरच्या (पॉवर ट्यूबना सिग्नल पुरवणाऱ्या टप्प्याच्या) जागेवर व तिथली पहिल्या जागेवर बसवली. दोन्ही १२एएक्स७ असल्यामुळे हे बिनधास्त करता येते, आणि फेज इन्व्हर्टरनंतर फारसा गेन उरत नसल्याने तिथे तोच दोष निरुपद्रवी ठरतो. शीळ थांबली ती आजतागायत आलेली नाही. खर्च शून्य. चॅसी मात्र कोणी उघडू नये. आतले कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही काही काळ शेकडो व्होल्ट धरून असतात. आणि स्पीकर जोडलेला नसताना ट्यूब अँप कधीही चालू करू नये, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर बेतते.

चालवण्याचा खर्च गृहीत धरायलाच हवा. आज नव्या ट्यूब मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन इथून येतात. २०२२ मध्ये रशियाचा पुरवठा अडखळल्यावर जे भाव चढले, त्याची झळ आपल्याकडेही पोचली. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एके काळी रेडिओसाठी ईएल८४ बनवल्या होत्या, त्या जुन्या साठ्यात कुठे मिळाल्या तर जपून ठेवाव्यात. आमच्याकडे दुपारी विजेचा दाब २५० व्होल्टपर्यंत चढतो, तेव्हा २३० साठी गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरमुळे ट्यूबच्या हीटरला ६.३ ऐवजी ६.८ च्या पुढे व्होल्टेज मिळते आणि त्यांचे आयुष्य घटते. स्टॅबिलायझरवर केलेला खर्च वाया जात नाही.

दुकानात कॉम्बो पाहायला जाल तेव्हा आपली गिटार आणि स्क्रीमर सोबत न्या. गेन चॅनेलवर, मास्टर तळाशी ठेवून, दुकानदाराशी साध्या आवाजात बोलता येईल इतक्याच पातळीवर वाजवून पाहा, आणि त्या पातळीवर नॉब सावकाश फिरवताना आवाज पायरीपायरीने चढतो की उसळतो हे कान देऊन ऐका. मोठ्याने वाजवून दाखवण्याचा आग्रह झाला तर नम्रपणे नाही म्हणा. मागच्या बाजूला वळून लूप आहे का पाहा, आणि सेंडमध्ये एक मोकळी केबल घालून तिचे दुसरे टोक हवेत ठेवा, रिटर्नमध्ये एक रिकामा प्लग घाला. आवाज पूर्ण बंद झाला तर लूप सीरिज आहे आणि काही शे रुपयांची डबी तिथे काम करील. आवाज येतच राहिला तर तो अँप, बाकी कितीही आवडला तरी, फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने घेऊ नये.