सिम रेसिंगची सीट: बकेट, घडीची की भंगारातली?

सिम रेसिंग म्हणजे कॉम्प्युटरवर खऱ्यासारखी गाडी पळवणं. त्यासाठी व्हील आणि पेडल घेऊन झाले की खिसा रिकामा होतो आणि माणूस ऑफिसच्या खुर्चीवरच गाडी हाकायला बसतो. मीही बसलो. पहिल्याच जोराच्या ब्रेकला खुर्ची थेट मागच्या भिंतीवर. मग तिची पाचही चाकं जुन्या बुटांत घातली. खुर्ची थांबली, पण पाठ मागे झुकतच राहिली. साध्या पेडलला हे खपतं. लोड सेलचा ब्रेक मात्र पेडल किती सरकलं ते नाही, त्यावर किती जोर पडला ते मोजतो. ३०-४० किलोचा दाब दिला की तेवढाच उलटा पाठीवर येतो. त्यात सीट हलली तर प्रत्येक वळणावर ब्रेक वेगळा लागणार. खुर्चीचा विषय इथेच संपला.

फिक्स बकेट सीट, म्हणजे रेसिंग गाडीतली एकसंध टबासारखी सीट, याबाबतीत सगळ्यात पक्की. पण माप चुकलं तर शिक्षाच. पँटचं माप इथे कामाचं नाही. बाकावर बसा, दोन्ही बाजूंनी एकेक जाड पुस्तक कुल्ल्याला उभं टेकवा, उठून मधलं अंतर मोजा. सीटची आतली रुंदी त्याहून दोनेक सेंटिमीटर जास्त हवी. पाठीचा कोन वेगळा बदलता येत नाही, कलवायची तर सगळी सीटच. शिवाय मुंबईच्या मे महिन्यात फायबरच्या त्या टबात घाम काय निथळतो! स्वस्तात हवी तर खऱ्या रेसिंगमधली मुदत संपलेली शोधा. एफआयए या मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेच्या ८८५५-१९९९ मानकाच्या सीटची मुदत ५ वर्षांची असते. नंतर ती स्पर्धेत चालत नाही. घरी आपण कुठे धडकणार आहोत? तडा गेलेला नसला म्हणजे झालं.

लोखंडी सांगाड्यावर कापड ताणलेली घडीची सीट वन बीएचकेवाल्यांसाठी. खेळून झालं की कपाटाशेजारी उभी करायची. हवा खेळती राहते, पण कडक ब्रेकखाली सांगाडा लवतो. लोड सेल घ्यायचा विचार असेल तर नकोच.

माझं मत गाडीच्या जुन्या सीटला. कुर्ल्याच्या भंगारात हॅचबॅकची सीट सहज मिळते. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडून चढतो-उतरतो, त्यामुळे त्याच्या सीटची उजवी कड चेपलेली असते. शेजारची सीट बहुधा कमी झिजलेली. मात्र उंची कमी-जास्त करायचा लिव्हर बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरच्याच सीटला असतो, तेव्हा दोन्ही बघून घ्या. बाजूला एअरबॅगचं लेबल किंवा खाली पिवळा कनेक्टर दिसला तर तिला हात लावू नका. आणि गाडीचा तळ सपाट नसल्याने सीटचे चारही पाय एका पातळीत नसतात. माझी रिगवर, म्हणजे सीट-व्हील-पेडल बसवायच्या सांगाड्यावर, डुगडुगत होती. फॅब्रिकेशनवाल्याकडून पट्ट्या वेल्ड करून घ्याव्या लागल्या.

त्या एका फेरीचा कंटाळा सोडला तर तक्रार नाही. जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंग ट्रॅकचे २०.८ किलोमीटरचे लॅप लागोपाठ मारले तरी कंबर बोलत नाही. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहावा, एवढंच अंतर बघायचं. माझी उंची ५ फूट १० इंच, बहिणीची ५ फूट १. बकेट बोल्टने बसवली असती तर दर वेळी पाना शोधावा लागला असता. आता ती खालचा दांडा ओढते, सीट पुढे घेते आणि मला उठवून लावते.